सरव्याचा तिसरा प्रश्न

तिसरा प्रश्न विचारला आणि समोरच्या चारही बायका गप्प झाल्या.

तोवर सगळं झकास चाललं होतं. नायगावजवळच्या आमच्या गावात, थोरल्या भावाच्या ओसरीत मी सतरंजीवर बसलो होतो. हातात छापलेली पानं, शेजारी रेकॉर्डिंगला लावलेला मोबाईल. समोर दादाच्या शेतात हरभरा उपटून आलेल्या चार बायका. मी त्यांना एक गोष्ट वाचून दाखवली होती. दुष्काळानं देशोधडीला लावलेली एक सासू. तिच्यामागे परक्या मुलखात आलेली विधवा सून. जवाच्या काढणीच्या दिवसांत ती सून कोणाच्या तरी शेतात सरवा वेचायला जाते. सरवा म्हणजे काढणी झाल्यावर रानात पडून राहिलेली कणसं. शेताचा मालक तिला पाहतो आणि गड्यांना सांगतो, हिला रागावू नका, उलट पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम खाली पाडा, वेचू द्या तिला.

"ही बाई कोण?" हा पहिला प्रश्न.

"परमुलखातली सून. नवरा मेलेली," गयाबाई म्हणाली. चौघींत ती वयानं मोठी. दादाच्या शेतात तिची हयात गेलेली.

"शेतात कशाला गेली?"

"प्वाटासाठी. सासूला बी खाऊ घालायचं व्हतं की."

"बरं. मालकानं गड्यांना कणसं मुद्दाम पाडायला का सांगितलं?"

इथं सगळं थांबलं. सुरेखा नावाची तरुण बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. दुसरीनं खाली बघितलं. दारात चहाचं ताट घेऊन दादा उभा होता, तो खोकला. मग गयाबाई माझ्याकडं न बघता म्हणाली, "मालकाचं मन मोठं हाय."

"हाव, मन मोठं हाय," बाकीच्या तिघी एका सुरात म्हणाल्या.

मी तक्त्यात तिसऱ्या प्रश्नापुढे 'समजले' अशी खूण केली आणि चहा घेतला.

माझं काम थोडं सांगतो. मी नांदेडला राहतो आणि सत्तावीस वर्षं अनुवाद करतो. बियाण्यांची माहितीपत्रकं, मोटारपंपाची मॅन्युअल्स, विम्याचे फॉर्म, जे येईल ते. या वेळी एका प्रकाशन ट्रस्टनं पुस्तक दिलं होतं: हिब्रू धर्मग्रंथांत धान्याला काय अर्थ आहे, यावर सामान्य वाचकासाठी लिहिलेलं. धर्मप्रचाराचं नव्हतं, अभ्यासाचं होतं. मला विषय आवडला. पाटबंधारे खात्याच्या टेंडरनंतर कोणाला आवडणार नाही?

त्या ग्रंथांत धान्य म्हणजे नुसतं पोट भरायची वस्तू नाही. हंगामातली पहिली पेंढी देवापुढं ओवाळल्याशिवाय नवं धान्य तोंडात घालायचं नाही. खळ्यावरची उफणणी म्हणजे न्याय. वारा भुसकट घेऊन जातो, दाणा जागेवर पडतो. राजाच्या स्वप्नात सात वाळकी कणसं सात भरली कणसं गिळतात, तो येणाऱ्या दुष्काळाचा इशारा. मळणीच्या बैलाच्या तोंडाला मुसकं बांधायचं नाही, कारण राबणाऱ्याचा खाण्यावर हक्क असतो. आणि शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापायचं नाही, सरवा मालकानं वेचायचा नाही. तो गरिबाचा, परक्याचा, विधवेचा.

असा अनुवाद झाला की ट्रस्ट त्याचा 'कॉम्प्रिहेन्शन चेक' करायला लावतो. म्हणजे ज्यांनी पुस्तक पाहिलेलंही नाही अशा लोकांना मजकूर वाचून दाखवायचा आणि साधे प्रश्न विचारायचे. अनुवादकाला वाटतं तेच ऐकणाऱ्याला कळलं का, हे त्यातून बघायचं. याचे नियम असतात. श्रोते नात्यातले नकोत. त्यांना उत्तर आधी सांगायचं नाही. आणि ते आपले मिंधे नकोत.

शेवटचा नियम मी मोडला. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट द्यायचा होता आणि गावोगाव ऑटोनं फिरून अनोळखी माणसं गोळा करायचा मला कंटाळा होता. शेत कागदावर अर्धं माझं आहे. कसतो दादा. मी सणासुदीला जाऊन ज्वारी घेऊन येतो. तेव्हा मी काही मालक नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तसं बघितलं तर चेक मस्त झाला होता. पहिल्या पेंढीचा भाग ऐकून बायका म्हणाल्या, "आमची नव्याची पुनव हाय की ही." उफणणीचं तर गयाबाईनं मलाच शिकवलं. वारा पडला की सूप खाली ठेवायचं, उगं हात दमवायचे नाहीत, वारा आपल्या हातातला नाही. एका विधवेच्या मडक्यातलं पीठ दुष्काळ संपेपर्यंत सरत नाही, ही गोष्ट वाचली तेव्हा सुरेखानं विचारलं, "असं मडकं कोणत्या बाजारात मिळतंय?" सगळ्या खळखळून हसल्या. म्हणून तर मला तिसऱ्या प्रश्नाची ती शांतता खटकायला हवी होती. खटकली नाही.

ती खटकली सामंत मॅडमना. मॅडम ट्रस्टच्या कोऑर्डिनेटर. माझ्याहून वयानं लहान, कामाला कडक. रेकॉर्डिंग ऐकून त्यांनी फोन केला.

"वसंतराव, तिसऱ्या प्रश्नानंतर अकरा सेकंद कोणी बोलत नाहीये."

"गावच्या बायका आहेत मॅडम. लाजतात."

"पिठाच्या मडक्यावर लाजल्या नाहीत. आणि मध्येच एक पुरुष खोकतो, तो कोण?"

"माझा भाऊ. चहा घेऊन आला होता."

"भाऊ म्हणजे शेतमालक?"

मी म्हणालो, "हो, तसंच म्हणा."

"उत्तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "फारच बरोबर आहे. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर मुलं देतात तसं. परत जा. त्यांच्या घरी जा, भावाला नेऊ नका. आणि या वेळी गोष्टीच्या आधी तो सरव्याचा नियम वाचा, मग गोष्ट."

मला राग आला. सत्तावीस वर्षं काम करणाऱ्याला पुण्यात बसून हे शिकवणार. तरी दोन दिवसांनी नायगावची एसटी पकडली. दादाला न सांगता थेट गयाबाईच्या दारात गेलो.

ती अंगणात हरभऱ्याचे घाटे बडवत होती. मला बघून दचकली. दांडका बाजूला ठेवून तिनं डोक्यावर पदर घेतला.

"काय चुकलं का मालक?"

"काही नाही. तेच परत वाचायचं आहे. दादा नाही, मी एकटाच आलोय."

तिनं माझ्या मागं रस्त्याकडं एकदा बघितलं. मग सुरेखाला हाक मारली. आणखी दोघी आल्या. मी दगडावर बसलो, त्या जमिनीवर. मी जमिनीवर बसायला गेलो तर गयाबाई म्हणाली, "बसा वरच. कपडे खराब व्हतील." मी वरच बसलो.

नियम वाचला. कडेकोपरे कापू नका. पडलेलं वेचू नका. रानात एखादी पेंढी विसरली तर ती आणायला माघारी जाऊ नका, ती परक्याची, पोरक्याची, विधवेची. देवाचा हुकूम आहे.

"इसरली म्हणजे खरंच इसरली पायजेल," गयाबाई म्हणाली. "मालक कवा इसरतो हो?"

सुरेखा हसली. बाकीच्याही. मला बरं वाटलं. मग गोष्ट वाचली आणि तोच तिसरा प्रश्न विचारला. मालकानं कणसं मुद्दाम का पाडायला सांगितली?

या वेळी सुरेखा लगेच म्हणाली, "त्याचा तिच्यावर डोळा असंल." त्यावर मोठा हशा झाला. खरं सांगायचं तर पुढं गोष्टीत तो तिच्याशी लग्न करतो, म्हणजे सुरेखाचं अगदीच चुकलं नव्हतं. मी तक्त्यात लिहीत होतो, तेवढ्यात गयाबाई म्हणाली,

"देवाचा हुकूम हाय म्हणताव. मग ह्यात मालकाचं मन मोठं कुठून आलं?"

"अहो, ते तुम्हीच त्या दिवशी म्हणालात."

"त्या दिवशी दादा दारात उभे व्हते."

"मग काय झालं?"

तिनं सुरेखाकडं बघितलं. सुरेखा म्हणाली, "सांगा की मावशी. आता एकलेच हायत."

"आमाला वाटलं, तुम्ही चौकशी करून राहिले," गयाबाई म्हणाली. "मोबाईल बी लावलेला. कणसं मुद्दाम कोण पाडतंय म्हणून इचारून राहिले असं वाटलं. पुस्तकाचं नुसतं निमित्त. ज्वारीची खुडणी तोंडावर आली, आमाला बोलवायचं का न्हाई, त्याचीच इच्चारपूस हाय म्हणलं."

मला काही कळेना. मुद्दाम कणसं पाडायचा यांच्याशी काय संबंध?

"मागल्या साली माझी वटी झाडली न्हाई का, तवापासून."

आणि मग मला सगळं आठवलं. आठवलं म्हणणं खोटं आहे. माहीत होतंच, मी ते बाजूला ठेवलं होतं.

मागच्या ज्वारीच्या आधी दादाचा फोन आला होता. खुडणीला येणाऱ्या बायका कडब्याखाली कणसं राहू देतात आणि नंतर सरवा म्हणून तीच वेचतात, असा त्याला संशय होता. बांधावर पाटी लावायची होती. 'सरवा येचू नये' एवढंच लिहून दे, म्हणाला. मी अनुवादक. एवढ्यावर थांबलो तर मी कसला? मी लिहून दिलं: "या शेतात सरवा वेचण्यास सक्त मनाई आहे. मुद्दाम कणसे पाडणाऱ्यास कामावर घेतले जाणार नाही." नियमाला कारण जोडलं की त्याला वजन येतं, हे मी विम्याच्या फॉर्मांवरून शिकलो होतो. दादाच्या मनातली कुजबुज मी दोन स्वच्छ ओळींत बसवली. पाटी रंगवून आल्यावर तिचा फोटोही मागवून घेतला होता, शुद्धलेखन तपासायला.

खुडणीच्या शेवटच्या दिवशी मी ज्वारी न्यायला गेलो होतो. बाभळीखाली खाटेवर बसलो होतो. दादानं गयाबाईला थांबवलं. तिच्या ओटीत कणसं होती. पाटी वाचली न्हाईस का, असं तो म्हणाला. तिला वाचता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. सुरेखानं ती मोठ्यानं वाचून दाखवली. मग सगळ्यांसमोर गयाबाईनं ओटी झाडली. पाच-सात कणसं मातीत पडली. मी मोबाईलमध्ये तोंड घातलं.

"तुम्ही बी व्हता की, बाभळीखाली," गयाबाई आत्ता म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"ती कणसं मुद्दाम पाडलेली नव्हती?" मी विचारलं. लाज वाटण्यासारखा प्रश्न, पण विचारला.

"न्हाई. खुडताना हातातून सुटत्यात. जन्म गेला, आजपातुर सरवा येचून पावसाळ्याचं एक महिन्याचं धान व्हायचं माझं. तुमच्या वडलांच्या काळात तर तेच म्हणायचे, गया, बांधाकडचं राहिलंय बघ. चोर म्हणून वटी झाडायची येळ पहिल्यांदा आली."

"आणि त्यानंतर?"

"मग सरव्याला कुणाच्याच रानात गेले न्हाई. गावभर झालं ना, गया कणसं पाडती म्हणून. कोण येऊ देतंय? तो महिना लेकीकडं जाऊन राहिले."

मी पानं उलटसुलट करत बसलो. पुढच्या प्रश्नांचं कोणी नाव काढलं नाही.

निघताना मी म्हणालो, "ज्वारीचं एक पोतं पाठवतो. दादाचं नाही, माझ्या वाट्याचं."

"नको."

"तुमचंच आहे ते."

"पोतं घेतलं की तुमच्या दारात यावं लागतंय मालक. उपकार मानावा लागतोय. सरवा येचायला कुणाच्या दारात जावं लागत न्हाई. रानात जायचं, वाकायचं, आणायचं." तिनं दांडका हातात घेतला. "त्या देवाला हे ठावं हाय वाटतं. म्हणून त्यानं पोतं द्या म्हणलं न्हाई."

माझ्या अनुवादात त्या प्रकरणाचं शीर्षक 'दयाळू मालक' होतं. मूळ पुस्तकात दया हा शब्दच नव्हता. मीच घातला होता.

नांदेडला आल्यावर मॅडमना फोन केला. पाटीपासून ओटीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे रिपोर्टमध्ये लिहा."

"मॅडम, घरची गोष्ट आहे."

"घरची होती तर चेक घरी का केलात?"

मी लिहिलं. 'पहिली पडताळणी रद्द समजावी. कारण: प्रश्न विचारणारा शेताचा मालक होता आणि श्रोत्यांवर चोरीचा आळ त्याच्याच लेखी शब्दांत होता.' हे वाक्य लिहायला मला आख्खी दुपार लागली. तेवढ्यात मी एरवी विम्याचा फॉर्म संपवतो. प्रकरणाचं शीर्षक बदलून 'गरिबांचा वाटा' केलं.

रविवारी दादाकडं गेलो.

"पाटी काढ," मी म्हणालो.

"का बरं? कुणी भरवलं तुला?"

"गयाबाईनं कणसं पाडली नव्हती."

"मी कवा म्हणलो पाडली म्हणून?" दादा म्हणाला. "मी म्हणलो व्हतो, सरवा येचू नका एवढंच लिही. ते मुद्दाम-बिद्दाम तुझं. मी वाचलं तवा मला वाटलं, शिकलेला माणूस लिहून राहिला, त्याला कायतरी ठावं असंल. म्हणून वटी झाडायला लावली."

दादाला दोष द्यायच्या तयारीनं मी गेलो होतो. ते एक समाधानही त्यानं ठेवलं नाही.

पाटी त्यानं काढली. फार कुरकुर न करता काढली, कारण खुडणीला बायका मिळेनाशा झाल्या होत्या आणि त्यालाही कुठंतरी टोचत होतं असं मला वाटतं. गावात तो दोन-तीन जणांना म्हणालाही, गयाबाईचं काही चुकलं नव्हतं. पण गावात आळ एका दिवसात पसरतो. खुलासा करायला दारोदार फिरावं लागतं.

ज्वारीच्या खुडणीच्या शेवटच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. खाटेवर बसलो नाही, बांधावर उभा राहिलो. सुरेखानं सरवा वेचला, आणखी चार-पाच बायकांनी वेचला. दादा पाठ करून पेंढ्या मोजत राहिला. गयाबाई खुडणीला होती. काम संपलं, तिनं विळा पदरानं पुसला, रिकामी ओटी सोडून साडी नीट केली आणि घरी निघाली. मी म्हणालो, "गयाबाई, बांधाकडचं राहिलंय." ती म्हणाली, "हाव, दिसलं," आणि चालत राहिली.

आता मी चेकसाठी श्रोते निवडताना पहिला प्रश्न स्वतःला विचारतो, हे कोणाच्या रानात कामाला जातात. उत्तर ओळखीचं निघालं तर वही मिटतो आणि पुढच्या गावचा ऑटो करतो. कंटाळा येतो, पण करतो.

पुस्तक छापायला गेलं तेव्हा मॅडम म्हणाल्या की पडताळणीत मदत करणाऱ्यांची नावं मागच्या पानावर छापू. मी गयाबाईला विचारायला गेलो. चांगली बातमी आणल्यासारखा गेलो.

"नाव नका टाकू," ती म्हणाली. "दादा वाचतेल."

त्या पानावर आता 'नायगाव तालुक्यातील काही महिला' एवढंच आहे. वरती अनुवादक म्हणून माझं नाव आहे, पूर्ण, ठळक अक्षरांत. प्रूफ तपासताना मी ते दोनदा पाहिलं. शुद्धलेखनाची चूक नव्हती.